दशानन आणि इतर हत्यारे

मनुष्याच्या ज्ञानाची परीक्षा घेण्यासाठी विद्यापीठांनी आजवर ज्या ज्या पद्धती मुक्रर केल्या, त्या सर्वांहून अधिक निर्णायक आणि शिवाय विनाखर्चाची अशी एक पद्धत पुण्यातल्या कोणत्याही जुन्या वाड्याच्या चौकात रविवारी सकाळी अवलंबिता येते. एक सायकल उलटी करून हँडल आणि सीट यांच्या आधाराने जमिनीवर उभी करावी, शेजारी वर्तमानपत्राच्या कागदावर दोनचार पाने, एक हातोडी आणि एक स्क्रू-ड्रायव्हर मांडून ठेवावा, आणि मुद्रेवर किंचित चिंतेचा भाव आणून स्वस्थ बसावे. अल्पावधीतच ज्यांना सायकल चालवता येते ते सारे बिऱ्हाडकरू तेथे जमा होतात. ज्यांना ती येत नाही, ते त्यांच्याही आधी येऊन पोचलेले असतात. रोगाच्या निदानाबाबत या मंडळींत तीव्र मतभेद असतात. परंतु उपचाराबाबत मात्र पूर्ण एकमत आढळते, आणि तो उपचार म्हणजे ‘आवळा’. चाक घासत असो, पेडल कुरकुरत असो, हँडल डगमगत असो की नुसती घंटा वाजत नसो, वैद्यकात हरड्याच्या शेजारी बसलेल्या आवळ्याला जी प्रतिष्ठा आहे, तीच सायकलशास्त्रात या आज्ञार्थी आवळ्याला प्राप्त झालेली आहे.

या सार्वत्रिक आत्मविश्वासाचे मूळ सायकलीच्या रचनेतच आहे. 1885 साली जॉन केम्प स्टार्ली या इंग्रज कारखानदाराने ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. तिच्यात जवळजवळ सारख्या मापाची दोन चाके, मधोमध पेडले, आणि मागच्या चाकाला साखळीने दिलेली गती अशी जी व्यवस्था ठरून गेली, तिच्यात मूलतः फेरबदल करण्याची गरज पुढे फारशी कोणाला भासली नाही. शिवाय या यंत्राचा सगळा कारभार उघड्यावर चालतो. घड्याळ बंद पडले तर आपण ते निमूटपणे घड्याळजीच्या स्वाधीन करतो, कारण त्याच्या पोटात काय आहे हे झाकणामुळे दिसत नाही आणि न दिसणाऱ्या वस्तूविषयी सामान्य मनुष्य अजूनही थोडाबहुत विनय बाळगून आहे. सायकलीत सगळेच दिसते. आणि जे दिसते ते आपल्याला कळते, असा मानवजातीचा फार जुना समज आहे. या समजाला शस्त्रसज्ज करण्याचे कार्य सायकलीची हत्यारे करतात.

नव्या सायकलीच्या सीटमागे अडकवलेल्या त्या लहानशा कातडी पिशवीत कारखानदाराने गृहस्थाश्रमी मनुष्याच्या गरजांचा फार उदार अंदाज बांधलेला असतो. तीत टायर उचकटण्याच्या दोन पट्ट्या असतात. एक पत्र्याची डबी असते आणि त्या डबीत रबराची ठिगळे, घासण्याचा खरखरीत तुकडा आणि सोल्यूशनची नळी असते. ही नळी पहिल्या पंक्चरला उघडली जाते आणि दुसऱ्या पंक्चरपर्यंत तिच्यातले सोल्यूशन वाळून खडा झालेले असते. परंतु या पिशवीचा खरा अधिपती म्हणजे तो पाना, ज्याच्या दोन्ही टोकांना दोन गोळे असून त्या गोळ्यांत मिळून लहानमोठी दहा षटकोनी तोंडे कोरलेली असतात. मी त्याला दशानन म्हणतो. लंकाधिपती दशाननाला दहा तोंडे असूनही त्याला वेळेवर शहाणपण सांगणारे तोंड शेवटी बिभीषणाकडून उसने आणावे लागले. तद्वतच या लोखंडी दशाननाला दहा तोंडे असली, तरी आपल्या नटाला जे तोंड हवे असते ते नेमके अकरावे असते.

या मुद्द्याची शहानिशा कोणालाही प्रत्यक्ष करून पाहता येईल. मागच्या चाकाच्या आसावरील नटाला दशाननाचे सातवे तोंड लावावे, तर ते बसत नाही. आठवे लावावे, तर ते बसते, पण सैल बसते. ‘जरासे सैल आहे, पण चालेल,’ असे म्हणून जो मनुष्य त्याला हिसका देतो, त्याच्या हातून होणारा अनर्थ क्रमाक्रमाने पाहण्यासारखा असतो. नटाला सहा बाजू असतात आणि पान्याने त्या बाजूंवर बसावे अशी निर्मात्याची योजना असते. पण तोंड केसभर मोठे असले की ते बाजू सोडून कोपरे धरते. पहिल्या हिसक्याला कोपऱ्याचे निकेल उडून आतले लोखंड चकाकते, दुसऱ्याला कोपरा बोथटतो, आणि तिसऱ्या हिसक्यानंतर नट गोल होऊन सर्व पान्यांच्या हुकमतीतून कायमचा मुक्त होतो. मग त्याच्यावर छिन्नी आणि हातोडीची जप्ती पाठविण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ज्या सायकलींची निगा मालक स्वतः घेतात, त्यांच्यावर मूळच्या कोपऱ्यांसह शाबूत राहिलेला नट बहुधा एकच असतो: पूर्वी नगरपालिका सायकलींवर जो कर घेत असे त्याचा बिल्ला बसविलेला, कारण कर भरून झाल्यावर त्याच्याकडे ढुंकून पाहण्याची कोणाला इच्छा होत नसे.

दशाननाच्या उणिवेवर तोड म्हणून सुधारलेल्या बिऱ्हाडांत स्क्रू पाना ठेवतात. जबडा मागेपुढे सरकविता येणाऱ्या पान्याच्या कल्पनेवर पुष्कळ आधीपासून अनेकांची डोकी चालत होती. पण त्याला आजची सुटसुटीत घडण देऊन तिचे पेटंट 1892 साली योहान पेटर योहान्सन या स्वीडिश कारागिराने मिळविले. ही योजना बुद्धिमत्तेची आहे यात शंका नाही. जबड्याचे माप हव्या त्या वेळी हवे तसे बदलता येते, हा स्क्रू पान्याचा गुण. आणि नको त्या वेळी ते आपले आपण बदलते, हा त्याचा स्वभाव. जोर नेहमी स्थिर जबड्यावर यावा आणि सरकत्या जबड्याने केवळ साथ करावी, अशा बेताने तो नटाला लावावयाचा असतो. आमच्या चौकात मात्र हे हत्यार प्रथम ज्या दिशेने हाती लागते त्याच दिशेने चालविण्याचा रिवाज आहे.

या सर्व प्रकरणात वास्तविक नटाची काही चूक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीप्रमाणे स्क्रूचे आटे पाडीत असे, आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टाला ओळख दाखवीत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या चिकित्सक गृहस्थाने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांचे आटे मोजले, आणि 1841 साली 55 अंशांच्या कोनाचे व ठरावीक अंतराचे आटे सर्वांनी पाडावेत अशी सूचना मांडली. पुढे ती देशभर मान्य झाली. सायकलीचे नळे आणि आस नाजूक पडत असल्यामुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी सायकल-अभियंत्यांनी आपल्यापुरते आणखी निराळे, 60 अंशांचे आणि बहुतेक ठिकाणी इंचाला 26 अशा बारीक गणतीचे आटे मुक्रर केले. म्हणजे आपण ज्या नटाला ‘चालेल’ म्हणून हिसका देतो, त्याच्या पाठीशी दोन पिढ्यांच्या इंग्रज अभियंत्यांची मोजमापे उभी असतात. सगळ्यांना लागू पडते असा ज्या हत्याराचा लौकिक असतो, ते कोणालाच नीट लागू पडत नाही, आणि हे विधान हत्यारांइतकेच ती हाती धरणाऱ्यांनाही लागू आहे.

याचा दाखला म्हणून आमच्या वाड्यातील रावसाहेबांचा उल्लेख करणे प्राप्त आहे. रावसाहेब कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. तेथे त्यांनी आयुष्यभर वतनाच्या तंट्यापासून आंब्याच्या झाडाच्या मालकीपर्यंत यच्चयावत प्रकरणे ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ या एकाच शेऱ्याने निकालात काढली, आणि सेवानिवृत्तीनंतर त्या शेऱ्याची जागा एका बारा इंची स्क्रू पान्याने घेतली. वाड्यातील कोणत्याही सायकलीचा कोणताही भाग सैल झाल्याची वर्दी लागताच रावसाहेब बंडीवर उपरणे टाकून आणि हातात पाना घेऊन खाली उतरतात, आणि त्यांचे खाली उतरणे पाहून सायकलीचा मालक तिला घेऊन रस्त्याच्या वळणावरच्या मिस्त्रीकडे पळतो.

एकदा मात्र मालक पळू शकला नाही, कारण सायकल रावसाहेबांच्या नातवाचीच होती. डावे पेडल वाकले होते आणि ते काढून नवे बसवावयाचे होते. रावसाहेबांनी पाना लावून, जगातील सगळे स्क्रू ज्या दिशेने सुटतात त्या दिशेने जोर केला. पेडल हलले नाही. तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावरील एका व्यायामपटूस पाचारण केले; त्यानेही जोर केला. मग पान्याच्या दांड्यावर पाण्याच्या नळाचा एक तुकडा चढवून तरफ लांब करण्यात आली आणि दोघांनी एकसमयावच्छेदेकरून जोर केला. याच सुमारास मिस्त्रीच्या दुकानातला पोऱ्या दुसऱ्या बिऱ्हाडात सायकल पोचती करून परत चालला होता. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला,

“रावसाहेब, डावं हाय त्ये. त्याचं आटं उलटं असत्यात.”

“उलटे?” रावसाहेबांनी घाम पुसत विचारले. “एकाच सायकलीत उजव्याला एक कायदा आणि डाव्याला दुसरा? असा लेखी हुकूम कुठे आहे?”

“हुकूम न्हाई, पर त्यावर ‘यल’ लिवलंय बघा,” असे म्हणून पोऱ्याने दांड्याच्या टोकावरची धूळ अंगठ्याने पुसली. ‘एल’ हे इंग्रजी अक्षर तेथे खरोखरच कोरलेले होते. रावसाहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणून त्या अक्षराची रुजवात घेतली, आणि दिशा बदलून पुन्हा जोर केला. पण तोपर्यंत दोन सुदृढ पुरुषांनी तरफेच्या साहाय्याने ते पेडल इतके आवळून ठेवले होते की कारखान्यातल्या यंत्रानेही तितके आवळले नसेल. “आता न्हाई निघायचं,” असा फैसला देऊन पोऱ्या निघून गेला. अखेर क्रँकसकट पेडल बदलावे लागले.

डाव्या पेडलाचा हा उलटा कारभार लहरीपणाचा नाही. पेडलाचा दांडा क्रँकच्या भोकात कितीही घट्ट बसविला तरी पायाच्या फिरत्या भाराखाली तो त्या भोकाच्या कडेकडेने अणुमात्र लोळत राहतो, आणि डाव्या बाजूला हे लोळणे अशा दिशेने होते की तेथे सरळ आटे दिले तर पेडल चालता चालता सुटून रस्त्यावर पडेल. म्हणून डावीकडे उलटे आटे पाडतात. ही गोष्ट शक्तीने समजण्यासारखी नाही, आणि हेच सायकलीच्या हत्यारांबाबतचे दुर्दैव आहे, की त्यांच्या दांड्याला धरण्याची जागा एवढी सोयीस्कर असते की आधी विचारावे असे कोणाला वाटतच नाही. पाना कोणत्या दिशेला फिरवावा हे ज्यांना कळते, ती माणसे कोठवर जातात याचे उदाहरण पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील डेटन गावच्या राइट बंधूंचे पाहावे. त्यांनी 1892 साली सायकलींचे दुकान थाटले, सायकली दुरुस्त केल्या, पुढे स्वतः बनविल्या, आणि 17 डिसेंबर 1903 रोजी जे विमान उडविले त्याचे पंखेसुद्धा सायकलीच्या धर्तीवर साखळ्या आणि दातेरी चक्रे लावूनच फिरविले. रावसाहेबांच्या मते त्यांच्या यशाचे कारण अमेरिकन हत्यारे हे होय.

आमचा मिस्त्री वळणावरच्या उंबराखाली बसतो. त्याच्या दुकानात भिंतीऐवजी जुने टायर टांगलेले असतात आणि तासावर भाड्याने द्यावयाच्या सायकली एकमेकींना टेकून उभ्या असतात. त्याच्याजवळच्या लाकडी खोक्यात हत्यारे किती आहेत हे कोणी मोजावे, तर त्याची निराशा होईल. दोन्ही टोकांना तोंडे असलेले, वापराने चांदीसारखे गुळगुळीत झालेले चारसहा पाने, एक पक्कड, एक कानस, एक हातोडी, ज्याची मूठ फुटल्यावर तिला सुतळी गुंडाळली आहे असा एक स्क्रू-ड्रायव्हर, आणि एका डबीत ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेले पाव इंची छर्रे. मी त्याला पान्याचे तोंड नटाला लावून पाहताना कधी पाहिले नाही. तो नटाकडे पाहतो आणि खोक्यात हात घालतो. हात बाहेर येतो तो योग्य पाना घेऊनच.

हातोडी हे हत्यार अडाण्याचे, असा एक गैरसमज सुशिक्षितांत रूढ आहे. क्रँक ज्या निमुळत्या खिळीने आसाला जखडलेला असतो ती कॉटर सैल झाली की पेडलाच्या प्रत्येक फेऱ्याला पायाखाली एक बारीक ‘टक्’ लागू लागते, आणि सुशिक्षित मनुष्य लगोलग कॉटरचा नट आवळतो. चार दिवसांनी ‘टक्’ परत येते. तो पुन्हा आवळतो. आणि अखेरीस नटाचे आटे मरतात. मिस्त्री मात्र क्रँकच्या खाली लोखंडी नळाचा एक तुकडा उभा टेकवितो, जेणेकरून घावाचा भार आतल्या छऱ्यांवर न जाता जमिनीवर जावा. मग कॉटरच्या जाड टोकावर एकच घाव घालतो, आणि त्यानंतर नट केवळ टेकेल इतकाच फिरवितो. कॉटर बसविण्याचे काम हातोडीचे असून नटाने फक्त तिचा जामीन राहावयाचे असते, हा भेद मी त्याच्याकडून शिकलो. त्या घावाचा आवाज सुरुवातीला बद्द येतो आणि कॉटर बसली की खणखणीत येतो. मिस्त्री डोळ्यांनी नव्हे, कानांनी हातोडी चालवितो.

पंक्चर हा तर स्वतंत्र खात्याचा विषय आहे. हवेचा टायर प्रचारात आणण्याचे श्रेय बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांच्याकडे जाते. आपल्या मुलाच्या तीनचाकीला खडबडीत रस्त्यावर धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी तिच्या चाकांवर रबराच्या हवाभरल्या नळ्या चढविल्या आणि 1888 साली पेटंट घेतले. पुढे असे निष्पन्न झाले की रॉबर्ट टॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने 1845 सालीच तशी कल्पना नोंदवून ठेवली होती. एका बालकाचे धक्के वाचविण्यासाठी निघालेल्या या शोधाने असंख्य प्रौढांना उन्हात सायकल ढकलीत नेण्याचा प्रसंग आणला, ही गोष्ट निराळी. आरंभी तर हे टायर चाकाला डिंकाने चिकटवून टाकीत. असाच एक चिकटलेला टायर दुरुस्तीसाठी फ्रान्समधील मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात आला आणि तो उचकटून, जोडून, वाळवण्यात जो कालापव्यय झाला त्याला कंटाळून त्यांनी सुटा होणारा टायर तयार करून 1891 साली त्याचे पेटंट घेतले. टायर उचकटण्याच्या त्या दोन सपाट पट्ट्यांची प्रतिष्ठा तेव्हापासूनची आहे. आमच्या चौकात त्यांचे काम स्क्रू-ड्रायव्हरवर सोपविले जात असल्यामुळे एक पंक्चर काढण्याच्या ओघात आणखी दोन तयार होतात, एवढाच काय तो फरक.

मिस्त्रीकडे पंक्चरची चौकशी अगदी मामलेदार कचेरीच्या शिस्तीने चालते. फिर्यादीने ‘ट्यूब फाटली’ असे कितीही छातीठोकपणे सांगितले तरी तो ते एकदम दाखल करून घेत नाही. प्रथम तो चाकात थोडी हवा भरतो आणि बोट जिभेला लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवतो. तेथे बुडबुडा उठला तर ट्यूब निर्दोष ठरते आणि आतली इंचभर व्हॉल्व्ह-ट्यूब बदलून प्रकरण तेथेच मिटते. कित्येक निरपराध ट्यूबा केवळ ही प्राथमिक चौकशी न झाल्यामुळे आजवर ठिगळांच्या धनी झाल्या आहेत. बुडबुडा उठला नाही तर मात्र टायरची एक बाजू उतरवून ट्यूब बाहेर काढली जाते आणि घमेल्यातील पाण्यात तिचा हातहात भाग बुडवून जबाब घेतला जातो. बुडबुड्यांची माळ जेथून निघते तेथे शाईच्या पेन्सिलीने खूण होते. यानंतर ट्यूब बाजूला ठेवून मिस्त्री टायरच्या आतून हात फिरवितो, आणि या घटकेला तो कोणाशी बोलत नाही. बाभळीचा काटा रबरात मोडून बसलेला असतो व बाहेरून दिसत नाही. बोटाला तो लागेपर्यंत मिस्त्रीच्या दृष्टीने आरोपी फरारी असतो. हौशी मंडळी ट्यूबला ठिगळ लावतात आणि काटा टायरमध्ये तसाच ठेवतात, आणि मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आल्यावर बाजारात हल्ली सोल्यूशन खोटे मिळते असा निष्कर्ष काढतात.

खरे म्हणजे सोल्यूशन बहुधा खरेच असते. खोटी असते ती आपली सबुरी. सोल्यूशन म्हणजे लवकर उडून जाणाऱ्या द्रवात विरघळविलेले रबर, आणि तो द्रव उडून गेल्याखेरीज त्याच्या अंगी पकड येत नाही. म्हणून जागा कानशीने घासून काळसर खरखरीत करावी, सोल्यूशनचा पातळ हात द्यावा, त्याची ओली चकाकी पुरती जाऊन बोटाला ते केवळ चिकचिकेल इतकी मुदत द्यावी, आणि मगच ठिगळ दाबावे. या मुदतीत मिस्त्री चहा पितो. रावसाहेबांच्या मते पंक्चरच्या मजुरीत या चहाच्या वेळेचा आकार लावणे बेकायदा आहे. मला मात्र वाटते की मजुरी वास्तविक त्या चहाचीच असते; बाकीचे काम मिस्त्री जवळजवळ फुकट करतो.

आणि तरीही मिस्त्रीच्या खोक्यातले सर्वश्रेष्ठ हत्यार अद्याप सांगावयाचे राहिलेच आहे. ते मुठीत सहज मावते, त्याला दांडा असा नसतोच, आणि त्याने एखाद्याला मारावे म्हटले तर मारताही येत नाही. ती स्पोक पिळण्याची चावी होय. इंग्रजी घडणीच्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात 32 आणि मागच्या चाकात, स्वाराचा भार तिकडे अधिक म्हणून, 40 स्पोक असतात. मनुष्याचे वजन या बारीक तारा काठीप्रमाणे उचलून धरतात, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुतः त्या सगळ्या धावेला आपापल्याकडे सतत ओढीत असतात आणि त्या ओढाताणीच्या समतोलावरच चाक गोल राहते. चाक एका अंगाला गेले की त्याला आउट आला असे म्हणतात, आणि हा आउट काढणे म्हणजे केवळ बिघडलेल्या जागेचा स्पोक आवळणे नव्हे. धाव उजवीकडे गेली असेल तर डावीकडचे स्पोक आवळावयाचे, परंतु तितकेच उजवीकडचे ढिले करावयाचे, आणि तेही पाव फेऱ्याहून अधिक नाही. स्पोकाला इंचाला 56 आटे असतात. म्हणजे चावीच्या पाव फेऱ्याने स्पोक एका इंचाच्या दोनशे चोविसाव्या हिश्शाइतका खेचला जातो. मिस्त्री चाक फिरवितो, धावेपाशी खडूचा तुकडा स्थिर धरतो, जेथे खडू लागतो तेथे पाव फेरा देतो, आणि पुन्हा फिरवितो. अर्धा तास हे चालते आणि पाहणाऱ्याला काहीच घडल्यासारखे वाटत नाही.

या अर्ध्या तासात रावसाहेबांना जे बसणे अशक्य होते, त्याचे कारण मला पुष्कळ दिवस उमगले नव्हते. प्रत्येक बिघाडात कोणीतरी एक ढिला गुन्हेगार असतो आणि त्याला पकडून आवळले की कारभार सुरळीत होतो, अशी त्यांची नोकरीच्या काळापासूनची धारणा आहे. बिघडलेल्याला नीट करण्यासाठी समोरच्या निरपराध्याला मोकळे करावे लागते, हा विचारच त्यांना अव्यवस्थेचा वाटतो. मागे त्यांनी मिस्त्रीची चावी मागून आणून स्वतः आउट काढला, तेव्हा प्रत्येक संशयित स्पोकाला सारखाच न्याय मिळावा म्हणून त्यांनी सगळेच्या सगळे आवळले, आणि संध्याकाळपर्यंत त्या चाकाचा आठाचा आकडा झाला. तेव्हापासून मिस्त्री बाकीची सारी हत्यारे मागेल त्याला देतो; ही चावी मात्र तो दुकान बंद करताना खोक्यात न ठेवता सदऱ्याच्या खिशात घालून घरी नेतो.

उरला पंप. पंप हे खाजगी मालकीचे असूनही सार्वजनिक उपयोगाचे असे एकमेव हत्यार आहे, आणि वाड्यात तो ज्याच्या नावावर असतो त्याच्या घरी सहसा नसतो. सकाळी तो तळमजल्यावर असतो, दुपारी माडीवर चढतो आणि रात्री कोणाच्या तरी जिन्याखाली निजतो. मालकाला तो हवा असला म्हणजे त्याने चार बिऱ्हाडांतून माग काढीत जावे लागते. परत येताना त्याच्या नळीच्या टोकाची रबरी चकती गेलेली असते, किंवा आतले चामड्याचे वायसर सुकून त्यातून वारा जात असतो. वायसराला खोबरेल तेलाचे दोन थेंब दिले की ते पुन्हा फुगते, पण हे थेंब मालकानेच द्यावयाचे असा संकेत आहे. हवा भरता भरता पंपाची नळी बुडाशी तापते, ती घर्षणाने तापते असे सर्वजण म्हणतात; पण वस्तुतः दाबली जाणारी हवाच तापत असते.

या उपद्व्यापामुळे मी कित्येक वर्षे पंप उसना देण्याच्या विरुद्ध होतो. पण रावसाहेबांच्या सहवासात माझे मतपरिवर्तन झाले आहे. हल्ली माझ्याकडे कोणी पाना मागावयास आला, तर मी त्याला ‘कितीच्या नटाला?’ एवढेच विचारतो. जो माप सांगतो त्याला मी पाना देतो. जो ‘कोणताही द्या, चालेल’ म्हणतो, त्याच्या हाती मी मुकाट्याने पंप देतो आणि आधी दोन्ही चाकांत पुरती हवा असल्याची खात्री करून घ्या असे बजावतो. कारण वायसर सुकलेल्या पंपाने दोन चाके भरावयास चांगला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या वेळात निदान एका तरी नटाचे सहा कोपरे शाबूत राहतात.